पुढचे पाटे सारखे करताना

खोडदहून धान्य घेऊन आंबे-हातवीजचा घाट चढणारी आमची जुनी पिकअप पुढून डावीकडे झुकू लागली. अशी वाहने चालवणाऱ्या बंधुभगिनींसाठी हा छोटा पाठ.

आधी मोजमाप. सपाट जागा, रिकामी गाडी, टायरांत सारखी हवा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक दिसला म्हणून लगेच नवे पाटे घेऊ नयेत. मी आधी शॅकलचे बुश आणि सेंटर बोल्ट पाहतो. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. पाटाच बसला असेल, तर पाट्यांचे काम करणाऱ्याकडून त्याला पुन्हा कमान देता येते. पण दोन्ही बाजूंचे एकदमच करावे. जॅकवरच्या गाडीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय शिरू नये. यू-बोल्ट मात्र नवे घालावेत, गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा.

रिकाम्या पिकअपचे नाक थोडे खाली असतेच. माल भरला की मागची बाजू दबते. कोणी ठोकळे घालून पुढून उंच करायला सांगेल, ते ऐकू नये. मग भरल्या गाडीच्या दिव्यांचा झोत वर जातो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि रात्री रुग्णाला खाली आणताना घाटाचे वळण नीट दिसत नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट व दिवे तपासून घ्यावेत.