गणिताची भीती : एक शिकलेली प्रतिक्रिया

‘गणित माझ्या डोक्यातच शिरत नाही’ हे वाक्य आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांत वारंवार ऐकू येते. मानसशास्त्राला जोडून संख्याशास्त्र आले की मलाही घाम फुटतो. हा बुद्धीचा दोष मानावा काय? वर्तनवादाचे उत्तर असे, की ही भीती जन्मजात नसून शिकलेली असते.

अन्न देण्यापूर्वी मेट्रोनोमचे ठोके वारंवार ऐकविले, तर पुढे नुसत्या ठोक्यांनीही कुत्र्याला लाळ सुटते, असे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना आढळले. हेच अभिजात अभिसंधान. भीतीही अशीच जडते, हे १९२० साली वॉटसन व रेनर यांनी अमेरिकेत ‘अल्बर्ट’ नावाच्या अकरा महिन्यांच्या बालकावर दाखविले. पांढऱ्या उंदराला तो मुळीच भीत नसे. उंदीर समोर येताच त्याच्यामागे पोलादी कांबीवर हातोडा आपटला जाई. लवकरच तो नुसत्या उंदराला, पुढे सशाला व केसाळ कोटालाही भिऊ लागला. याला सामान्यीकरण म्हणतात. ही भीती घालविण्याआधीच त्याला तेथून नेण्यात आले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही.

फळ्यावरचे समीकरण मुळात निरुपद्रवीच. पण त्याच्याशी छडी किंवा वर्गाचा हशा पुन्हापुन्हा जोडला गेला, की समीकरण दिसताच छाती धडधडते. मग पुस्तक, तास, परीक्षा साऱ्यांचीच धास्ती वाटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. हशा मात्र सहजासहजी कायद्याच्या हाती लागत नाही.

शाळा सुटून वर्षे लोटली तरी भीती का उरते? पुस्तक मिटताच हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणेच टाळण्याची सवय पक्की करते. स्किनर यांच्या परिभाषेत हे ऋण प्रबलन होय. टाळल्यामुळे ‘गणित समोर आले, पण अपमान झाला नाही’ हा अनुभव कधी येतच नाही. म्हणून भीतीचे विलोपनही होत नाही.

उपायाची दिशा १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी दाखविली. सशाला भिणारा पीटर आवडीचा खाऊ खात असताना त्यांनी ससा हळूहळू जवळ आणला. अखेर पीटर त्याला कुरवाळू लागला. आपणही रोज सुटेल असे एकच उदाहरण घ्यावे व क्रमाने पुढे जावे. मनातील विचारांचा हिशेब वर्तनवाद पुरेसा मांडत नाही, हे खरे. तरीही जे शिकलो ते पुसता येते, हा दिलासा त्याने दिला आहे. प्राध्यापकांना एकच विनंती : चुकलेल्या उत्तरावर वर्गात चर्चा व्हावी, हशा होऊ नये.