फुप्फुसांचा कर्करोग आणि कालहरण

घराला आग लागली म्हणजे ती विझविण्यास कोणी उद्यांची वाट पहात नाहीं. पायांत कांटा रुतला तर तो त्याच क्षणीं काढतात. मग छातींत महिनोन्महिने ठाण मांडून बसलेल्या खोकल्याकडे मात्र मनुष्य कानाडोळा कां करतो? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण या कानाडोळ्याची किंमत कित्येकदां प्राणानें द्यावी लागते. सन २०२२ मध्यें जगांत सुमारें २५ लक्ष लोकांस फुप्फुसांचा कर्करोग जडला व सुमारें १८ लक्ष लोक त्यानें दगावले, असा अंदाज आहे. रोग एकाच जागीं असतांना सांपडला तर शस्त्रक्रियेनें तो समूळ काढतां येण्याची आशा असते. तो यकृत, अस्थि किंवा मेंदु येथवर पसरल्यावर ती आशा फार थोडी उरते. म्हणजे येथें खरा प्रश्न वेळेचा आहे.

विलंबाचें पहिलें कारण शरीराच्या रचनेंतच आहे. फुप्फुसांच्या अंतर्भागांत दुःख जाणणारे मज्जातंतु जवळजवळ नसतात. ते फुप्फुसांभोंवतालच्या आवरणांत व छातीच्या भिंतींत असतात. म्हणून आंत वाढणारी गांठ तेथवर पोंचेपर्यंत बहुधा दुखत नाहीं. शिवाय निसर्गानें आपणांस श्वासाची शिल्लक इतकी दिली आहे कीं, थोडा भाग निकामी झाला तरी चालतांना तें जाणवत नाहीं. आपल्या लोकांची समजूत तर अशी कीं, दुखत नाहीं तें दुखणें नव्हे!

दुसरें कारण संवयीचें. न थांबणारा खोकला, थुंकींतून रक्त, धाप, छातींत दुखणें, आवाज बसणें, अन्नावरची वासना जाणें, वजन घटणें, छातीचा विकार पुन्हां पुन्हां उलटणें, हीं या रोगाचीं मुख्य लक्षणें होत. परंतु यांतील एकहि लक्षण अपरिचित नाहीं. पावसाळ्यांत खोकला आला तर हवा बदलली; हिवाळ्यांत आला तर थंडी बाधली; दम लागला तर वय झालें; अंग वाळलें तर काळजीनें वाळलें! प्रत्येक लक्षणास कांहीं तरी निरुपद्रवी सबब तयार असते. आलें, हळद, ज्येष्ठमध यांनीं चार दिवस घसा मोकळा होतो आणि तेवढ्यानें एक महिना निघून जातो. विडी ओढणारा तर म्हणतो, “हा माझा नेहमींचाच खोकला आहे.” पण नेहमींचा खोकला आपली चाल बदलूं लागला, तर तोच धोक्याचा इशारा समजावा.

तिसरें कारण आपल्या देशांत विशेष आढळतें. खोकला, ताप, रक्त पडणें व शरीर झिजणें हीं क्षयाचींहि लक्षणें होत. क्ष-किरणांच्या चित्रांतील छायाहि दोहोंची सारखी दिसूं शकते. त्यामुळें थुंकीची नीट परीक्षा न होतां कित्येकांना क्षयाचीं औषधें सुरू होतात व रोगी निश्चिंतपणें गोळ्या गिळीत राहतो. क्षयाचा संशय घेणें चूक नाहीं. परंतु औषधानें उतार पडत नसतां पुन्हां न विचारणें ही मोठी चूक आहे.

चौथें कारण लाज आणि भीति. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनीं १९५० सालीं धूम्रपान व हा रोग यांचा संबंध सप्रमाण दाखविला, ही मोठीच लोकसेवा होय. परंतु त्यांतून रोग्यास दोष देण्याची खोड समाजास लागली. धूम्रपान करणाऱ्यास वाटतें कीं, डॉक्टर आपणांस बोल लावतील; न करणाऱ्यास वाटतें कीं, आपणांस हा रोग होणेंच शक्य नाहीं. दोघेहि घरीं बसतात! वस्तुतः दूषित हवा, घरांत जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर, ॲस्बेस्टॉसचे तंतु यांनींहि हा रोग होतो. आणि ‘कर्करोग’ हा शब्दच इतका भयंकर वाटतो कीं, निदानच नको असें कित्येकांस होतें. पण डोळे मिटल्यानें रोग थांबत नाहीं.

पांचवें कारण दारिद्र्य. रोजावर काम करणाऱ्याचा एक दिवस दवाखान्यांत गेला म्हणजे त्या दिवसाची चूल अडते. खेड्यांतील स्त्रीस तर सोबत कोण येणार येथून प्रश्न असतो. अशांस आळशी म्हणणें अन्यायाचें आहे. पॅक व गॅलो या अमेरिकन डॉक्टरांनीं १९३८ सालीं कर्करोगाच्या उपचारांतील विलंबाची छाननी केली. लक्षण दिसल्यापासून तीन महिने डॉक्टरकडे न जाणें हा त्यांनीं रोग्याकडील विलंब मानला. पण वैद्यांकडून होणारा विलंबहि त्यांनीं वेगळा दाखविला. दोष एकट्या रोग्याचा नसतो.

मग उपाय काय? इंग्लंडमध्यें २०१२ सालीं सरकारनें लोकांना एकच साधी गोष्ट सांगितली: खोकला तीन आठवडे टिकला तर डॉक्टरांना भेटा. आपल्याकडे क्षयाचें भय अधिक, म्हणून दोन आठवड्यांची मर्यादा पाळावी. सरकारी दवाखान्यांत थुंकीची परीक्षा मोफत होते. थुंकींत रक्त एकदांच दिसलें तरी वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून कर्करोगाच्या अनेक उपचारांस साहाय्य मिळतें. मुंबईस १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे.

प्रत्येक खोकला कर्करोग नव्हे, बहुतेक नसतातच, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. तपासणीचा हेतु भय दूर करणें हाहि असतो. विद्यार्थिमित्रांनो, घरांतील वडील माणसें स्वतःच्या दुखण्याविषयीं सहसा बोलत नाहींत. त्यांचा खोकला तुम्हीच रात्रीं ऐकतां. दिवस मोजा, आणि ते दोन आठवड्यांपुढें गेले तर उपदेश न करतां इतकेंच म्हणा, “आजोबा, उद्यां मी तुमच्याबरोबर दवाखान्यांत येतों.” शरीरशास्त्राच्या पुस्तकांतील फुप्फुसांची आकृति तुम्ही सुबक काढतां, त्या ज्ञानाचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.