चार चाकी ओढीच्या गाडीचे ॲव्हरेज : हिशेब कसा मांडावा?

चिपळूणचे आमच्या ओळखीचे एक फर्निचर व्यापारी आहेत. कुंभार्ली घाट चढून कराडकडे त्यांची महिन्यातून पाच-सहा वेळा ये-जा असते. मापे घेणे, पॉलिशचे डबे व हार्डवेअर पोहोचवणे, उधारी वसूल करणे, अशी कामे. अमेरिकेतील भाच्याने फोनवर सांगितले, "मामू, माझी सुबारू इम्प्रेझा चारही चाकांनी ओढते आणि तीसचे ॲव्हरेज देते." मामूंनी लगेच कागद घेतला आणि अशी गाडी येथे घेतल्यास पेट्रोल किती लागेल ते लिटरला 30 किलोमीटर धरून मांडले. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. गाडी घ्यावयाची म्हणजे काही लाखांचा प्रश्न, म्हणून हा हिशेब येथे सविस्तर मांडतो. मालाची वाहतूक करणाऱ्या इतर बंधूंनाही तो उपयोगी पडेल.

पहिली चूक मापाची. भाच्याचे तीस हे गॅलनला तीस मैल. मैल म्हणजे 1.609 किलोमीटर आणि अमेरिकेचा गॅलन म्हणजे 3.785 लिटर. म्हणून अमेरिकन आकड्याला 0.425 ने गुणावे. तीसचे होतात लिटरला 12.75 किलोमीटर. येथे आणखी एक फसगत आहे. इंग्लंडचा गॅलन 4.546 लिटरचा असतो, त्यामुळे तीच गाडी त्याच रस्त्यावर इंग्लंडच्या मापाने 36 दाखवील. परदेशातील नातलगाने आकडा सांगितला की तो कोणत्या देशातून बोलतो आहे, हे आधी पाहावे!

मामूंच्या कागदावर 60 किलोमीटरच्या एका फेरीला 2 लिटर पेट्रोल होते. प्रत्यक्षात लागते 4.7 लिटर. घरपोच माल 'फुकट' देणाऱ्याने असा हिशेब धरला, तर प्रत्येक फेरीला पावणेतीन लिटरचे पैसे त्याच्या नफ्यातून जातात आणि वर्षअखेरपर्यंत त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता गाडीकडे वळू. इम्प्रेझा ही पाच दरवाजांची छोटी गाडी. मागचे झाकण उघडून सीट पाडली की बरेच सामान मावते. तिच्या चारही चाकांना इंजिनची ताकद सतत मिळते. अशा ओढीला पेट्रोल जास्त लागते, हे खरे आहे. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट, मागचा डिफरन्शियल आणि त्यातील तेल यांना फिरवण्यातच थोडी ताकद खर्च होते, शिवाय या सर्वांचे वजन गाडीला रोज वाहावे लागते.

परंतु सगळा दोष चार चाकी ओढीवर टाकणे बरोबर नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था प्रत्येक गाडीचा आकडा जाहीर करते. त्यात 2011 च्या ऑटोमॅटिक इम्प्रेझाचा शहर व हायवे मिळून आकडा 22 होता, म्हणजे लिटरला 9.35 किलोमीटर. 2012 च्या नव्या इम्प्रेझाचा आकडा 30 झाला. चार चाकी ओढ दोन्हींत होती. बदलले ते इंजिन व गिअरबॉक्स. अडीच लिटरचे 170 अश्वशक्तीचे इंजिन जाऊन दोन लिटरचे 148 अश्वशक्तीचे आले. चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकऐवजी पट्ट्यासारख्या साखळीवर चालणारा, गिअरचे टप्पे नसलेला गिअरबॉक्स बसवला. गाडीचे वजनही थोडे घटले. हजार किलोमीटरला सुमारे 107 लिटर लागत होते, ते 78 वर आले. हाताने गिअर टाकावयाच्या 2012 च्या गाडीचा आकडा मात्र 28 च राहिला. हातगिअर म्हणजे नेहमीच बचत, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. जाहिरातीत कंपनी 36 सांगत होती, पण तो फक्त हायवेचा आकडा. शहरासाठी तो 27 होता.

इम्प्रेझा आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही. (2000 नंतरच्या दशकात सुबारूचीच एक गाडी शेवरोले फॉरेस्टर या नावाने भारतात आली होती, पण ती फार चालली नाही.) आपल्या बाजारातले उदाहरण घ्यावयाचे तर मारुतीची ग्रँड व्हिटारा पाहू. ती आकाराने मोठी असली तरी आपल्या प्रश्नाला सोयीची आहे, कारण 2022 मध्ये ती आली तेव्हा त्याच इंजिनासह हातगिअरमध्ये दोन्ही प्रकार मिळत होते. पुढच्या दोन चाकांच्या ओढीचा जाहीर आकडा 21.11 आणि चार चाकी ओढीचा 19.38. म्हणजे सुमारे 8 टक्के तोटा. वर्षाला 18,000 किलोमीटर धरले तर 853 लिटरच्या जागी 929 लिटर, म्हणजे 76 लिटर जास्त. सोयीसाठी पेट्रोल 100 रुपये धरल्यास वर्षाला 7,600 रुपये होतात. त्यात गाडीची वाढीव किंमत मिळवावी. टायरचाही विचार करावा. चारही चाके जोडलेल्या गाडीत टायर सारखेच झिजलेले असावे लागतात. एकच नवा टायर घातला तर डिफरन्शियलवर ताण येतो, म्हणून एक फाटला तरी कधी कधी चारही बदलावे लागतात.

आपल्या देशातील जाहीर आकडा अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये. आपली चाचणी प्रयोगशाळेत, एसी बंद ठेवून होते व तिचा वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. अमेरिकेच्या आकड्यात 2008 पासून एसी, थंडी व जास्त वेगाच्या चाचण्याही धरल्या जातात, म्हणून तो रस्त्याला जास्त जवळचा असतो. आपल्या 21 चे रस्त्यावर 15 झाले तर आश्चर्य मानू नये.

मामूंचा मुख्य मुद्दा घाटातल्या पावसाचा होता. चार चाकी ओढ चिखलातून, वाळूतून किंवा बर्फातून गाडी बाहेर काढते. ओल्या डांबरावर उतारात गाडी थांबवणे हे काम ब्रेक व टायरांचे आहे, आणि ते ब्रेक दोन चाकी ओढीच्या गाडीलाही चार चाकांवरच असतात. ज्याचे गोदाम कच्च्या रस्त्यावर आहे, ज्याला जंगलातून लाकूड पाहून यावे लागते, त्याने 7,600 रुपये खुशाल मोजावेत. कराडचा रस्ता डांबरी आहे.

खरा आकडा स्वतःच काढावा. टाकी फुल्ल भरून किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंतच भरावे. 412 किलोमीटरला 33.6 लिटर बसले, तर ॲव्हरेज 12.26. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, तीन टाक्यांचे किलोमीटर व लिटर एकत्र करून भागाकार करावा.

आणि हिशेब 'लिटरला किती किलोमीटर' असा न करता 'हजार किलोमीटरला किती लिटर' असा करावा. लिटरला 20 देणारी गाडी 22 देऊ लागली, तर हजार किलोमीटरला साडेचार लिटर वाचतात. 10 देणारा टेम्पो 12 देऊ लागला, तर पावणेसतरा लिटर वाचतात. दोन्हीकडे वाढ दोनाचीच, पण बचत जवळजवळ चौपट.

हे ऐकून मामूंनी आधी आपल्या जुन्या टेम्पोचे तीन टाक्यांचे माप काढले. आजवर ते 12 धरून चालले होते. वहीत 9.1 निघाले. एअर फिल्टर धुळीने भरला होता आणि मागचे एक ब्रेक चाकाला घासत होते. गाडीचे त्यांनी पावसाळ्यानंतर पाहू असे ठरवले आहे. टेम्पो मात्र दुसऱ्याच दिवशी गॅरेजला गेला.