घाट बर्फाचा, गाडी उन्हातली

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटला बर्फ पडत नाही. डिसेंबरातल्या दुपारीसुद्धा इथे स्वेटर काढून हातावर टाकावा लागतो. पण आय-80 धरून सॅक्रामेंटोच्या पुढे गेलं की रस्ता चढायला लागतो तो थेट डॉनर समिटपर्यंत, म्हणजे टाहो तलावाकडे जाणाऱ्या घाटमाथ्यापर्यंत, सुमारे 7,200 फुटांवर. सकाळी ऊन आणि संध्याकाळी गुडघाभर बर्फ, एकाच गाडीत आणि त्याच टायरांवर. म्हणून दरवर्षी मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या टेबलाशी कुणीतरी विचारतंच, "ताई, एसयूव्ही घेतली, टाहोला जायचंय, टायर कुठले टाकू?" बरीच वर्षं हा घाट चढून-उतरून झाल्यावर माझी उत्तरं ठरून गेली आहेत.

1. टायर बघण्याआधी आपले मैल बघा.
टाहोला तुम्ही हिवाळ्यात किती वेळा जाणार? बहुतेकांचं उत्तर तीन-चार वेळा. बाकी सगळं वर्ष गाडी 880 आणि 680 हायवेच्या तापलेल्या डांबरावर पळणार. खऱ्या हिवाळी टायरचं रबर मऊ ठेवलेलं असतं. साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली नेहमीचं रबर ताठर होत जातं. हिवाळी रबराचं तसं होत नाही, म्हणून थंडीत पकड राहते. तोच मऊपणा 25 अंशांत नडतो. टायर भराभर झिजतो, वळणावर गाडी ढिली वाटते आणि कोरड्या गरम रस्त्यावर ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. मिनेसोटात किंवा टोरोंटोत राहणाऱ्यांनी दोन संच ठेवावेत, तिथे वादच नाही. पण आपल्यासारख्यांनी ब्लिझॅक किंवा हक्कापेलिटासारखे हिवाळी टायर लावून एप्रिलनंतरही तसंच फिरणं म्हणजे पैसे रस्त्यावर घासून टाकणं.

माझा कौल बारमाही वापरायच्या 'ऑल-वेदर' टायरला. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट 2, नोकियनचे डब्ल्यूआर, टोयोचा सेल्सियस हे त्या जातीचे. बर्फात खऱ्या हिवाळी टायरची सर त्यांना नाही, पण उन्हाळ्यात ते काढावे लागत नाहीत. ज्यांची मुलं स्की टीममध्ये आहेत आणि जे जानेवारी ते मार्च दर शनिवारी पहाटे चारला निघतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी वेगळ्या रिमवर हिवाळी संच बसवून गॅरेजमध्ये ठेवावा. रिम एक इंच लहान घेतली तर टायर स्वस्त पडतो, फक्त ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही ना, ते आधी बघायचं.

2. बाजूवर डोंगर शोधा.
टायरच्या बाजूवर दोन खुणा असू शकतात. एक, एम+एस ही अक्षरं. ती टायरवरच्या खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतः छापते, बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. दुसरी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण. ही 1999 पासून आली. तिच्यासाठी दाबलेल्या बर्फावर टायरची पकड मोजतात आणि ती ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त भरावी लागते. मात्र अमेरिकेतल्या या चाचणीत गाडी बर्फावर किती जोर घेते एवढंच बघतात. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ती थांबेल का, हे डोंगराचं चित्र सांगत नाही. तरीही डोंगर नसलेला टायर घेऊन मी तरी घाट चढणार नाही.

3. "फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, मग काय?"
हा प्रश्न नसतो, आत्मविश्वास असतो. नव्याने आलेली मुलं हे हमखास म्हणतात. त्यांना मी एवढंच म्हणते, "अरे, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात." चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते, चढ चढते. उतारावर थांबवायचं आणि वळवायचं काम रबराचं. उलट चांगली ओढ असलेली गाडी चालवणाऱ्याला वेग लक्षात येऊ देत नाही. एसयूव्ही जड, आणि बॅटरीवरची असेल तर आणखी जड.

त्यात इथल्या सिएरा डोंगररांगेतला बर्फ कोरडा, भुरभुरीत नाही. तो ओला आणि जड, स्थानिक लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. दिवसा वितळतो, रात्री गोठतो. सकाळी आय-80 वरच्या ब्लू कॅनियनच्या आसपास सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि तो बर्फ असतो. तिथे खिळ्यांचे टायर उपयोगी पडतात, कॅलिफोर्नियात ते 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल चालतातही. पण उरलेला आठवडा 880 वर कडकड वाजवत कोण फिरणार?

4. आर-1, आर-2, आर-3 हे पाठ असू द्या.
कॅलट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याच्या, पाट्यांवर हेच लिहिलेलं असतं. आर-1 म्हणजे टायरना चेन लावा, पण हलक्या गाडीच्या जोर लावणाऱ्या दोन चाकांवर बर्फाचे टायर असतील तर सूट. आर-2 म्हणजे फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह आणि चारही चाकांना बर्फाचे टायर असतील तरच सूट. आर-3 म्हणजे सगळ्यांना चेन, कुणालाही सूट नाही. आर-3 क्वचित दिसतो, बहुधा त्याआधीच रस्ता बंद करतात.

यात दोन गोमी आहेत. कायद्याच्या लेखी एम+एस लिहिलेला टायरही बर्फाचा टायर. म्हणजे चेन तपासायच्या चौकीवरचा माणूस हात दाखवून पुढे सोडतो आणि आपल्याला वाटतं, टायर चांगले आहेत. त्याने फक्त अक्षरं बघितलेली असतात. दुसरं, सूट मिळाली तरी चेन गाडीत असलीच पाहिजे. विचारतात आणि नसेल तर परत पाठवतात.

5. चेन घरच्या ड्राइव्हवेवर एकदा बसवून बघा.
पुष्कळ नव्या एसयूव्हींत टायर आणि आतल्या भागांमध्ये बोटभरही जागा नसते. जाड कड्यांची चेन तिथे घासते. मॅन्युअलमध्ये कुठल्या वर्गाची चेन चालेल, केबलची चालेल का आणि ती पुढच्या चाकांना की मागच्या, हे दिलेलं असतं. काही गाड्यांच्या मोठ्या रिमला तर चेन लावूच नका असं लिहिलेलं असतं. ते गाडी घ्यायच्या आधी वाचलेलं बरं.

घाटात हे काम कसं होतं, तेही सांगते. रस्त्याच्या कडेला राखाडी चिखलाचा थर. शेजारून ट्रक गेला की त्यातला वाटीभर अंगावर. मागचा हुक टायरच्या आतल्या बाजूला असतो, तो दिसत नाही, हाताने चाचपून अडकवायचा. हातमोजे घातले तर हुक सापडत नाही, काढले तर दोन मिनिटांत बोटं कामातून जातात. म्हणून पिशवीत रबरी हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी योगा मॅट. चेन लावली की थोडं अंतर जाऊन थांबायचं, पुन्हा ताणायची. वेगमर्यादा ताशी 25 ते 30 मैल.

6. चारही टायर एकसारखे.
दोन नवे, दोन जुने नको. पकड पुढे-मागे वेगळी पडली की वळणावर गाडी फिरते. शिवाय ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायरांचा घेर जवळपास सारखा लागतो, नाहीतर मधल्या यंत्रणेवर विनाकारण ताण येतो.

7. खाचांची खोली मोजा.
कॅलिफोर्नियात बर्फाचा टायर धरण्यासाठी खाच किमान 6/32 इंच हवी, म्हणजे पाच मिलिमीटरच्या जरा खाली. नेहमीच्या रस्त्याची मर्यादा 1/32 आहे, म्हणून दुकानदार "अजून वर्षभर चालेल" म्हणतो. खोटं बोलत नाही तो, पण डॉनर त्याच्या हिशेबात नसतो. मोजायचं साधन काही डॉलरांत मिळतं.

8. हवा.
दर 10 अंश फॅरनहाइटला दाब साधारण एक पीएसआय उतरतो. फ्रीमाँटला 60 आणि घाटापलीकडच्या ट्रकी गावात पहाटे 20 असेल तर चार पीएसआय गेले. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे मीटरवर त्यातलं बरंच भरून निघतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बर्फात पकड मिळावी म्हणून हवा कमी करा असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकायचा नाही. दाराच्या पट्टीवरचा आकडा, टायर थंड असताना, बस.

9. कधीकधी कुठलाच टायर पुरत नाही.
डिसेंबर 2021 मध्ये डॉनर समिटजवळच्या बर्कलेच्या हिमप्रयोगशाळेत महिन्याभरात जवळपास 194 इंच बर्फ पडला, तिथल्या डिसेंबरचा विक्रम. नाताळच्या सुट्टीत आय-80 बंद झाला आणि काय टायर लावलेत याला अर्थ उरला नाही. अशा वेळी फोनवरचा नकाशा दुसरा डोंगररस्ता सुचवतो. नकाशावर तो बंद दिसत नाही, पण तो साफ करायला कुणी गेलेलंच नसतं. आडरस्ता घ्यायचा नाही. निघण्याआधी कॅलट्रान्सचा क्विकमॅप बघायचा, टाकी किंवा बॅटरी भरायची, ब्लँकेट, पाणी, दशम्या मागे ठेवायच्या आणि काच धुवायचं पाणी न गोठणारं भरायचं. जायचं की नाही हे घाटाच्या अलीकडे, ऑबर्नला ठरवावं. तिथे खाणं आहे, मोटेल आहे आणि गाडी वळवायला जागा आहे.