गिधाडे का नाहीशी झाली?

आज घरी गेल्यावर आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारा : "तुमच्या लहानपणी गावात जनावर मेले, की त्याचे काय करीत?" पुष्कळ ठिकाणी उत्तर असे मिळेल, की ते गावाबाहेरच्या माळावर टाकून देत. कातडे काढून नेले, की आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे खाली उतरत आणि पाहता पाहता नुसता हाडांचा सांगाडा उरे.

आता दुसरा प्रश्न विचारा : "शेवटचे गिधाड तुम्ही कधी पाहिले?" बहुधा आजोबा क्षणभर गप्प होतील. गिधाडे केव्हा गेली, हे बहुतेकांच्या लक्षातच आले नाही. त्यांच्या जाण्याचे कारण कसे सापडले, त्याची ही हकीकत आहे. या कामी पक्षिनिरीक्षक, पशुवैद्य, रसायनशास्त्रज्ञ, गणिती आणि औषधाचे कारखानदार या साऱ्यांची गरज पडली. यांतील कोणा एकालाच हे कोडे सुटले नसते.

मोजणी करणारा माणूस

१९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील बहुधा सर्वांत विपुल असा मोठा शिकारी वर्गातील पक्षी मानला जात होता. जो पक्षी रोज दिसतो, त्याची मोजदाद कोण ठेवणार? परंतु राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९६-९७ मध्ये त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा घरट्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली होती. झाडांवर कित्येक गिधाडे माना खाली टाकून मलूल बसलेली दिसत.

हा प्रकार फक्त भरतपूरचाच होता काय? १९९१ ते १९९३ या काळात देशभर रस्त्यांच्या कडेने केलेली पक्ष्यांची पाहणी उपलब्ध होती. तीच पाहणी त्याच मार्गांनी २००० साली पुन्हा केली गेली. ९० टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती! जुनी वही नसती, तर "पूर्वी पुष्कळ असायची बुवा" एवढेच म्हणता आले असते.

शरीराच्या आतला पांढरा थर

संशय अनेकांवर होता. अन्न कमी पडले म्हणावे, तर मेलेल्या जनावरांची वाण नव्हती. कीटकनाशके असतील काय? एखादा नवा विषाणू असेल काय? अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००० पासून पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन सुरू केले. तपासलेल्या प्रौढ पक्ष्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या आतील अवयवांवर खडूच्या लेपासारखा पांढरा थर आढळला. तो यूरिक आम्लाचा होता.

येथे थोडे रसायनशास्त्र पाहू. अन्नातील प्रथिनांपासून शरीरात नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ तयार होतात. आपले शरीर ते मुख्यत्वे युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. युरिया पाण्यात सहज विरघळतो. एक लिटर पाण्यात तो साधारण एक किलोग्रॅम मावतो. पक्षी मात्र यूरिक आम्ल बाहेर टाकतात. कबुतराच्या विष्ठेत जो पांढरा भाग दिसतो, तो हाच. यूरिक आम्ल एक लिटर पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम विरघळते. त्यामुळे पक्ष्याची मूत्रपिंडे बंद पडली, की रक्तात हे आम्ल झपाट्याने वाढते आणि त्याचे स्फटिक हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांवर साचतात. माणसाच्या सांध्यांत असेच स्फटिक साचले, की गाऊट नावाचा संधिवात होतो. गिधाडांत ते सर्व आतड्या-काळजावर साचत होते.

म्हणजे मृत्यू मूत्रपिंडे निकामी झाल्याने होत होता. पण ती निकामी कशामुळे झाली? विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके यांच्या चाचण्या झाल्या. कशातूनच उत्तर मिळेना.

औषधाच्या दुकानात सापडलेला धागा

मग संशोधकांनी प्रश्न बदलला. गिधाडे काय खातात? पाळीव जनावरांचे मांस. मग त्या जनावरांच्या पोटात असे काय जाते, की जे मूत्रपिंडांना घातक ठरू शकेल? ते उत्तर शोधण्यासाठी त्यांनी पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. एक नाव सर्वांकडे मिळाले : डायक्लोफेनॅक.

हे नाव तुमच्याही परिचयाचे असेल. गुडघेदुखी, पाठदुखी यांवर माणसांना दिले जाणारे हे वेदनाशामक औषध. स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९७३ च्या सुमारास तयार केले. पुढे ते स्वस्त झाले आणि १९९० नंतर भारतीय उपखंडात गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले. लंगडणारा बैल एका इंजेक्शनाने पुन्हा उभा राहतो, हे पाहिल्यावर शेतकऱ्याने ते का वापरू नये? त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. पण इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत ते जनावर मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात आणि यकृतात शिल्लक राहतो.

आता मृत गिधाडांच्या मूत्रपिंडांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणांनी अत्यल्प औषधही ओळखता येते. निष्कर्ष असा : आतील अवयवांवर पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांपैकी २५ मध्ये डायक्लोफेनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही सापडले नाही.

एवढ्याने गुन्हा सिद्ध झाला काय? नाही. पावशा ओरडतो आणि मागोमाग पाऊस येतो, म्हणून पावशा पाऊस पाडतो असे आपण म्हणत नाही. दोन गोष्टी बरोबर आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी होणे निराळे. म्हणून प्रयोग करण्यात आला. जायबंदी झाल्याने पुन्हा रानात सोडता न येणाऱ्या काही गिधाडांना ठरावीक मात्रेत औषध दिले, तर काहींना औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातले. मेलेल्या पक्ष्यांत नेमका तोच पांढरा थर आढळला. २००४ च्या आरंभी हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारत आणि नेपाळ येथील मृत गिधाडांतही तेच औषध सापडले.

थोडी आकडेमोड

काहींनी शंका काढली, की मरणाऱ्या जनावरांपैकी फार थोड्यांना हे औषध मिळालेले असणार. त्याने कोट्यवधी पक्षी कसे मरतील? आपणच हिशेब करून पाहू.

समजा, गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे १२० जेवणे झाली. समजा, दर २०० मृत जनावरांत एकच विषारी आहे. मग एका जेवणातून वाचण्याची शक्यता १९९/२००, म्हणजे ०.९९५. अशा १२० जेवणांतून वाचण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९५ हा आकडा स्वतःशीच १२० वेळा गुणावा लागेल. उत्तर येते सुमारे ०.५५. म्हणजे १०० पैकी ५५ गिधाडे वर्षअखेर उरतील. दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी १६, चौथ्या वर्षी ९ आणि पाचव्या वर्षी फक्त ५!

हा हिशेब सोपा करून मांडला आहे. त्यात नवे जन्म आणि अन्य मृत्यू धरलेले नाहीत. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. त्यामुळे तूट भरून येणे कठीणच. शास्त्रज्ञांनी केलेल्या काटेकोर गणितानुसार दर ७६० ते १३० जनावरांत एक विषारी असले, तरी झालेल्या ऱ्हासाला ते पुरेसे होते. प्रत्यक्षात २००४-०५ च्या पाहणीत भारतातील सुमारे १० टक्के मृत जनावरांत डायक्लोफेनॅकचा अंश आढळला. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या दर हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले होते.

बंदी पुरेशी असते काय?

कारण सापडले, आता उपाय हवा. पण शेतकऱ्याच्या बैलाला वेदनाशामक तर लागणारच. दुकानात पर्याय नसेल, तर कोणती बंदी टिकेल? म्हणून दुसरे औषध शोधण्याचे काम सुरू झाले. मेलॉक्सिकॅम हे औषध आधी आफ्रिकेतील जवळच्या जातीच्या गिधाडांवर आणि ते निर्धोक ठरल्यावर आपल्याकडील गिधाडांवर तपासण्यात आले. त्याने अपाय झाला नाही, हे २००६ मध्ये जाहीर झाले. या औषधावर कोणा एकाचा पेटंट हक्क उरलेला नव्हता. त्यामुळे अनेक कारखानदारांना ते बनविता आले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश दिला.

तरीही पळवाट राहिली. माणसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्यांतील औषध गुरांना टोचले जाई. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. मग ३० मिलिलिटरची बाटली कोणासाठी? २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीच्या इंजेक्शनाची बाटली एका मात्रेची, म्हणजे ३ मिलिलिटरची, केली. पुढे अॅसेक्लोफेनॅक या औषधाचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते, असे आढळले. कीटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरले. २०२३ मध्ये या दोन्हींच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. म्हणून नवे औषध बाजारात आणण्यापूर्वीच गिधाडांवरील त्याचा परिणाम तपासावा, असा शास्त्रज्ञांचा आग्रह आहे.

गिधाडांवाचून आपले काय अडले?

गिधाडे गेल्यावर मृत जनावरे कुजत पडू लागली, पाण्यात घाण मिसळू लागली आणि त्या मांसावर भटकी कुत्री वाढली. कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोकाही वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचा पूर्वी भरपूर वावर असलेले जिल्हे आणि तसा नसलेले जिल्हे यांतील मृत्यूंची तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सुमारे पाच लाख अधिक माणसे मरण पावली, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. बैलाच्या दुखऱ्या पायासाठी दिलेल्या औषधाचा धागा असा माणसापर्यंत येऊन पोहोचला.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचा वनविभाग गिधाडांची पैदास करतात. रायगड जिल्ह्यात म्हसळा परिसरात आजही गिधाडे आढळतात. संख्येतील घसरण मंदावली आहे, पण पूर्वीची संख्या फार दूर आहे.

करून पाहा

१. आपल्या गावातील साठ वर्षांवरील पाच व्यक्तींना गिधाडांविषयी विचारा. ती शेवटची कोठे आणि साधारण कोणत्या साली दिसली, हे वहीत लिहा. उत्तरे जुळतात काय?

२. वरील हिशेबात २०० ऐवजी ७६० हा आकडा घेऊन वर्षअखेर किती गिधाडे उरतील ते काढा.

३. शाळेच्या आवारातील एखादा नेहमीचा पक्षी निवडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून अर्धा तास त्याची मोजणी करा. ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. मेलेला पक्षी आढळल्यास त्याला हात लावू नका. शिक्षकांना किंवा वनखात्याला कळवा.

४. २५ पैकी २५ आणि १३ पैकी ० हे आकडे मिळाल्यावरही प्रयोग का करावा लागला? शिक्षकांनी या प्रश्नावर वर्गात चर्चा घडवून आणावी.