घरगुती खाद्यमालाचे वेगळेपण

मुडबीच्या परिसरात शेंगाचटणी कोणत्या घरी होत नाही? ज्वारीची कडक भाकरी, उडदाचे पापड, लिंबाचे लोणचे हेही घरोघरी होतात. त्यामुळे यांपैकी एखादा जिन्नस विकून चार पैसे मिळवावेत असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, की पहिलाच प्रश्न उभा राहतो तो असा : जो माल शेजारणीच्या घरीही होतो, तो आपल्याकडून कोणी का घ्यावा? या प्रश्नाच्या उत्तरास व्यापारात मालाचे वेगळेपण म्हणतात. त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हिशेब पाहू. समजा, चटणीच्या एका पुडीस सर्व मिळून ४० रुपये खर्च येतो व ती ५० रुपयांस विकली जाते. नफा १० रुपये झाला. बसवकल्याणच्या बाजारात दुसऱ्या कोणी तशीच पुडी ४५ रुपयांस ठेवली, म्हणून आपणही ४५ केले, तर भाव दहा टक्केच उतरला, परंतु नफा निम्मा झाला. पूर्वीइतकी मिळकत हवी असल्यास पुड्या दुप्पट विकल्या पाहिजेत. कारखानदारास यंत्र वाढविता येते. घरात कुटणारे हात दोनच, आणि तेही बहुधा एखाद्या आईचे किंवा बहिणीचे. भावाच्या चढाओढीत लहान धंदा आधी बुडतो तो यामुळे.

मग वेगळेपण आणावे कशात? पुष्कळांस वाटते, की चकचकीत पिशवी व भारदस्त नाव घेतले म्हणजे काम झाले. कोणी चटणी लाल दिसावी म्हणून रंग घालतात. त्याविषयी न बोललेलेच बरे. पिशवी पाहून गिऱ्हाईक एकदा येईल, दुसऱ्यांदा येईल ते चवीसाठीच.

या बाबतीत ‘लिज्जत’ पापडाची हकीगत ध्यानात घेण्याजोगी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. मुंबईत पापडास तोटा होता असे मुळीच नाही. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगली व दुसरी स्वस्त. छगनलाल पारेख, ज्यांस सर्वजण छगनबापा म्हणत, त्यांनी सल्ला दिला, की एकच उत्तम प्रत ठेवावी व दर्जात तडजोड करू नये. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद पडले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट व शेगडी आणली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली ठरले, म्हणजे मालाच्या मागून तीन वर्षांनी. पीठ एके ठिकाणी मळून भगिनींना घरी लाटावयास देण्याची पद्धत त्यांनी ठेवली. लाटणारे हात हजारो झाले तरी चव एकच राहिली. आमच्या मते त्यांचे वेगळेपण हेच, की आज घेतलेला पापड आणि सहा महिन्यांनी घेतलेला पापड यांत फरक पडत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील काळ्या जमिनीतील कॅल्शियम व पोटॅशियम यांमुळे त्या डाळीस विशेष चव येते, असे मानले जाते. हे वेगळेपण मातीचे आहे, एका घराचे नव्हे. आणि मानांकनाचे नाव पिशवीवर कोणासही मनास येईल तसे छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

मुडबीच्या कुटुंबाने काय करावे? एकच जिन्नस निवडावा. नोकरीनिमित्त पुणे, हैदराबाद येथे गेलेल्या आपल्या माणसांस कडक भाकरी व शेंगाचटणी यांची आठवण येते. ते गिऱ्हाईक भावाची घासाघीस करीत नाही, पण भाकरी मऊ पडलेली त्यास खपत नाही. म्हणून ती नीट वाळली पाहिजे व बांधणी हवाबंद पाहिजे. पुडीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किंमत व पत्ता असावा, आणि आपल्या भागात कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही लिपींत जिन्नसाचे नाव घालण्यास हरकत नसावी. चटणीत मीठ, लसूण व तिखट अंदाजाने न घालता तोलून घालावे आणि प्रत्येक घाण्याचे वजन तारखेसह वहीत लिहावे. आजीच्या हातास वहीची गरज नव्हती. पण सून किंवा लेक तोच घाणा काढील तेव्हा तिला ती लागेल. वही लिहिण्याचे काम घरातील सातवी-आठवीच्या मुलामुलींकडे द्यावे, तेवढा हिशेब त्यांस येतो.