शापाचा खेळ



मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात मुलांचा एक नवा खेळ आम्ही पाहिला. मोबाईलवरच्या कुठल्याशा कार्टूनमध्ये भुताच्या चित्रकथेचे पुस्तक आहे. ते जो उघडेल त्याला शाप लागतो. मुलांनी धर्मशिक्षणाच्या वहीलाच ते पुस्तक केले होते! वहीला हात लागला की दगड व्हायचे, कोणी तीनदा टाळी वाजवली की सुटायचे. एक लहानगी मात्र खरोखर घाबरून रडू लागली. तिच्या आईने आम्हाला हळूच विचारले, "यात काही बाहेरचं तर नाही ना?"

ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण आपल्यातील वडीलधाऱ्यांनी 'चांदोबा' आठवावा. मराठीत तो १९५२ साली सुरू झाला. त्यातील विक्रम-वेताळाचे चित्र शंकर नावाचे चित्रकार काढीत: राजाच्या हातात तलवार, खांद्यावर प्रेत. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, हा वेताळाचा शाप. मित्राला पाठुंगळी घेऊन हा खेळ आपणही खेळलो आहोत. कोणाचेही डोके फुटले नाही. शाप मुलेच ठरवतात आणि त्यातून सुटण्याची युक्तीही तीच ठरवतात.

मोठी माणसे मात्र लवकर घाबरतात. १९५४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शेकडो मुले एका दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांचे एक पिशाच शोधायला! पोलीस आले, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि सारा दोष अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सवर गेला. अशा कॉमिक्सविरुद्ध ब्रिटनमध्ये आधीपासून ओरड होतीच. १९५५ साली त्यांवर कायदाही आला. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तर तसे पिशाच असलेले कॉमिक सापडले नाही. लोखंडी दातांचे श्वापद मात्र आपल्या पवित्र शास्त्रात आहे. दानीएलचा सातवा अध्याय, सातवे वचन घरी उघडून पाहा.

खेळातल्या शापापेक्षा आम्हाला भीती वाटते ती मोठ्यांनी खऱ्या मानलेल्या शापाची. आपल्याच धुळे-नंदुरबार पट्ट्यात घरात आजारपण आले, गुरे मेली, की एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. ती बहुधा एकटी, विधवा, नाहीतर जमिनीच्या वाट्यात अडचणीची ठरलेली. तेथे टाळी वाजवून कोणी सुटत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा गुन्ह्यांना सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. मुले आपले बोलणे ऐकत असतात. "तिची नजर वाईट" हे वाक्य त्यांना कार्टूनने शिकवलेले नसते.

कार्टून लहान मुलांना रात्री एकट्याने पाहू देऊ नये, हे खरेच. शेजारी बसावे, काय पाहिले ते विचारावे. जेवत नाही म्हणून बागुलबुवा बोलावणेही आपण सोडावे (आम्हीही हे करीत आलो आहोत).

त्या लहानगीला आम्ही जवळ घेऊन विचारले, "बाळा, हा शाप सुटतो कसा?" तिने डोळे पुसले, तीनदा टाळी वाजवली. मग म्हणाली, "आता माझ्यावर राज्य." आणि वही घेऊन पळाली.